पांफिलच्या खिडकीखाली

"शहर पाठीमागून बघा, पुढून ते सगळ्यांनाच हसून दाखवतं," असं स्मारांदा प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

बुखारेस्टमध्ये परक्यांना हिंडवणारे पुष्कळ. ते कारंज्यांच्या कडेनं, रुंद हमरस्त्यानं, थेट त्या अवाढव्य प्रासादापाशी जायचे. स्मारांदा अर्ध्या वाटेतच वळायची. एका उंच इमारतीच्या पोटातल्या बोळातून आत शिरायची आणि मागच्या अंगणात पाहुण्यांना एकदम चर्चसमोर उभं करायची. लहानसं, विटांचं, जुनं चर्च. चारी बाजूंनी लोकांची स्वयंपाकघरं त्याच्यावर वाकलेली.

त्या प्रासादासाठी आणि हमरस्त्यासाठी हुकूमशहानं टेकडीवरची वस्ती पाडली तेव्हा हे चर्च रुळांवर चढवून इथं सरकवलं होतं. स्मारांदा त्या वेळी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होती. संध्याकाळी सुटली की आज ते कुठवर आलं, हे बघायला वाट वाकडी करायची. मुंगीच्या चालीनं निघालेलं चर्च तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हातारपणी तिचं पोट त्याच एका गोष्टीवर चाललं होतं, आणि ती गोष्ट सांगताना ती कुणापुढे मान झुकवत नसे.

सप्टेंबर आला. अंगणात पत्रे तापले, त्यांवर लाल मिरच्या आणि वांगी भाजायला पडली, धुरानं चर्चचा कळससुद्धा दिसेना. त्या धुरातून इमारतीचा कारभारी पांफिल चिमटा हातात घेऊन पुढे आला.

"बाई, तुमचे पाहुणे माझे फोटो काढतात. मी काय पुतळा आहे?"

"पुतळे गप्प असतात, नेआ पांफिल." 'नेआ' म्हणजे दादा; रागातही ती त्याला तसंच म्हणायची.

तिसऱ्या मजल्यावरची वेता मिरच्या सोलता सोलता फिदीफिदी हसली. पांफिल हसला नाही. "रविवारी रहिवाशांची सभा आहे. बोळाच्या फाटकाला कुलूप लागणार. सांगून ठेवतो."

फाटक बंद म्हणजे स्मारांदाचा धंदा बंद. हमरस्त्यावरून चर्चचा नुसता क्रूस दिसतो; तेवढ्यासाठी तिच्या मागे कोण येणार? पण तिनं गयावया केली नाही.

"लावा. फक्त सभेआधी सगळे एकदा माझ्याबरोबर फिरायला चला. काय बंद करताय ते तरी बघा."

"आपल्याच शहरात पाहुण्यासारखं?" वेता म्हणाली. "लोक हसतील, स्मारांदामावशी!"

"हसू देत. तू इतकी वर्षं भाजीबाजारापलीकडे गेली आहेस का?"

रविवारी दुपारी सगळे निघाले. बायकांनी ठेवणीतले कोट घातले, कुणी कड्यासारखे गोल खारे पाव घेतले, आणि पांफिल सर्वांच्या मागून, हात खिशात घालून चालला. कारंज्यापाशी स्मारांदा थांबली. डोळे मिटून, नेहमीच्या संथ सुरात तिनं पाडलेली वस्ती उभी करायला घेतली. इथं पावाची भट्टी, इथं शाळा, आणि इथून उजवीकडे टेकडीवर चढणारी गल्ली...

"डावीकडे," पांफिल म्हणाला.

"काय?"

"गल्ली डावीकडे होती. तुम्ही कायम उजवीकडे सांगता. रोज. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभं राहून."

स्मारांदानं विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी त्याच गल्लीत जन्मलो." त्यानं रस्त्याच्या मधोमध, पळत्या मोटारींकडे बोट दाखवलं. "तिथं आमचं अंगण. तुतीचं झाड. पाडायला माणसं आली त्या सकाळीही आईनं अंगण झाडलं. माणसं म्हणाली, आजी, कशाला झाडताय? ती म्हणाली, घाणेरडं अंगण देऊन जाऊ होय?"

वेतानं डोळ्यांना रुमाल लावला. पंधरावीस वर्षं ती त्याची शेजारीण होती, पण हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"मग खिडकीतून ओरडायचं ना!" स्मारांदा म्हणाली.

"परक्या लोकांसमोर? माझ्या आईचं?"

तिला हे लागलं. चर्च तिनं पाहिलं होतं हे खरं; गल्ली तिनं ऐकीव सांगितली होती, आणि तीही त्याच तोऱ्यात. ती सर्वांदेखत म्हणाली, "चुकले मी. पुढचं तुम्ही सांगा. मी ऐकते."

पांफिलनं सांगितलं. आधी अडखळत, मग हात खिशातून बाहेर काढून. अंधारून येईपर्यंत कुणी घरी जायचं नाव काढलं नाही. सभा अंगणातच झाली. कुलपाचा विषय कुणी काढला तेव्हा पांफिल एवढंच म्हणाला, "बाई नीट सांगणार असतील तर असू दे फाटक उघडं."

सोमवारी स्मारांदा नवे पाहुणे घेऊन आली. खिडकीखाली उभी राहून तिनं गल्ली डावीकडे नेली, झाडलेल्या अंगणाशी आणून थांबवली, आणि वर बघून विचारलं, "बरोबर ना, नेआ पांफिल?"

"अंगणापुढे विहीर राहिली!" वरून आवाज आला.

"तिचं उद्या!" असं म्हणून ती पाहुण्यांच्या पुढे झाली आणि ताठ मानेनं बोळातून हमरस्त्याकडे निघाली. पांफिल खिडकीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.