रिलीव्हर येईपर्यंत

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. या सदरातले अनुभव मी चहा पिताना वाचते आणि "वायरिंग तपासा" म्हणून मोकळी होते. देवळात गेले तरी माझं अर्धं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांवर असतं. त्यामुळे हे लिहून पाठवताना माझा मलाच राग येतोय... पण जे झालं ते झालं.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो – मी आणि आई. हे घडलं तेव्हा पप्पांना जाऊन सात महिने झाले होते. पप्पा एकलहऱ्याच्या थर्मलमध्ये, म्हणजे वीजकेंद्रात, कंट्रोल रूमला ऑपरेटर होते. आई सायखेड्याची, लग्न होऊन कॉलनीत आली ती तीस वर्षं त्यांच्या शिफ्टच्या हिशोबाने जगली. पप्पांना यायला उशीर झाला की ती एवढंच म्हणायची, "रिलीव्हर आला नसंल त्यांचा." कारण तिथे पद्धतच तशी. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन वहीत 'चार्ज घेतला' म्हणून सही करत नाही, तोवर आधीच्याने खुर्ची सोडायची नाही. मग भूक लागो नाहीतर ताप येवो.

चार वर्षांपासून आईचं विसरणं वाढत गेलं. दिवसभर ठीक असते, पण संध्याकाळी पाच वाजले की जीव घाबरतो तिचा. चपला घालते, दाराशी उभी राहते. "घरी जायचंय." कुठल्या घरी, ते तिलाही सांगता येत नाही.

त्यावर पप्पांनी तोडगा काढला. मला म्हणाले, "एक पाटी बनव. वेळ झाली की माझं लिहिलेलं तिला दिसलं पाहिजे. माझं ऐकती ती." मी माझा जुना लॅपटॉप माळ्यावर ठेवला, त्यावर छोटं ॲप चढवलं आणि फ्रिजशेजारी भिंतीवर एक टॅब लावला. दिवसातून सहा वेळा नवी ओळ दिसायची. पप्पांनी सातही वारांच्या वेगवेगळ्या ओळी स्वतः टाईप केल्या, एका बोटाने, चष्मा कपाळावर ढकलून. बेचाळीस ओळी. मी म्हटलं, "पप्पा, तिला कालचं कुठे आठवणार आहे? रोज त्याच सहा चालतील की."

"तिला नसंल आठवत," पप्पा म्हणाले. "मला आठवतं ना."

आता थोडं माझ्या कामाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी नोकरी सॉफ्टवेअरचे कंटेनर चालवण्याची. म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एका पेटीत बांधायचं. कुठल्याही मशीनवर पेटी उघडली की ॲप चालू. बिघडली तर फेकायची आणि तशीच कोरी दुसरी काढायची. म्हणूनच जपायची माहिती पेटीच्या आत ठेवायची नसते, बाहेर वेगळी ठेवायची असते. हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवते, वर ज्ञान पाजळते.

पप्पांना हे समजावलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "जुनी बंद केली आणि नवी चालू व्हायचीय, मधल्या टायमाला कोण बघतं?"

"दोन सेकंदांचं काम असतं हो."

"दोन सेकंदं पण कोणीतरी लागतं," ते म्हणाले. मी हसले होते.

आणि त्या बेचाळीस ओळी पेटीच्या आतच होत्या. घरचंच काम, करू नंतर बाहेर, म्हणत राहिले. पप्पा गेले तरी ते नंतर काही आलं नाही.

तो गुरुवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला लॅपटॉपमधली जागा भरली म्हणून मी तो माळ्यावरून खाली काढला, पाटीची पेटी बंद केली आणि बंद पडलेल्या सगळ्या पेट्या पुसायची कमांड दिली. रोजच्या सवयीने. नवी पेटी उघडली – कोरी. एकही ओळ नाही. बॅकअप नाही. चार तास शोधलं, हाताला काही लागलं नाही. शेवटी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि तो मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात खाली बसून रडले. माणूस गेलं तेव्हा इतकी रडले नव्हते. त्यात भीती वेगळी. एकदा टॅबचं चार्जिंग संपलं होतं, तर आई थेट सिग्नलपर्यंत चालत गेली होती. पेरूच्या गाडीवाल्याने ओळखून थांबवली म्हणून सापडली.

पाच वाजले. आईने चपला घातल्या. मी दार अडवायला उठले, आणि टॅबवर ओळ आली.

'सुमन, पाच वाजले. आज गुरवार. चहा टाक, आलं घाल. सगळं नॉर्मल हाय.'

आईने वाचलं. चपला काढल्या, गॅसपाशी गेली.

मी मांडीवरून उतरवलेल्या लॅपटॉपकडे बघितलं. बंद. फोनवरून त्याच्या पत्त्यावर हाक मारून बघितली – आम्ही त्याला पिंग म्हणतो – तर उत्तर आलं. बंद मशीनकडून. "आई, हे कसं काय गं?" मी उगाच विचारलं.

"रिलीव्हर आला नसंल त्यांचा," आई आलं किसत म्हणाली. आणि तीन कप चहा गाळला.

ऑफिसमधला सहकारी म्हणाला, टॅबने जुनं साठवून ठेवलं असेल. पण टॅबमध्ये एका वेळी एकच ओळ राहते, हे ॲप मीच लिहिलंय. शुक्रवारी सकाळी सातला शुक्रवारची ओळ आली. नऊला पुढची. एरवी मी वायफाय काढून बघितलं असतं, टॅब खोलला असता. या वेळी कशालाही हात लावला नाही. खरं सांगते, हिंमतच झाली नाही. तपासायला जावं आणि ते थांबावं, हे मला परवडणारं नव्हतं.

मी फक्त उतरवून घेत गेले. पप्पांच्या ड्युटीच्या जुन्या डायरीत कोरी पानं होती, त्यात. 'निळ्या डबीतली गोळी, पांढऱ्यातली नाय.' 'पोरीला रागवू नको, ती दमून येती.' ही शनिवारी रात्री आठची. मला माहीतच नव्हती ती. आणि आठवडाभर रोज तीन कप चहा.

पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला बेचाळिसावी ओळ मिळाली. तेव्हाच लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला. सगळ्या ओळी टाईप केल्या, या वेळी पेटीच्या बाहेर, दोन ठिकाणी कॉपी ठेवून. नवी पेटी सुरू केली आणि सगळं ठीक आहे का बघायला तिची नोंद उघडली. तिथे फक्त ॲपने लिहिलेलंच दिसतं, आणि पहिली ओळ 'सुरू झालं' अशी असते. ती दुसऱ्या नंबरवर होती. तिच्या वर लिहिलं होतं –

'चार्ज दिला. सर्व नॉर्मल.'

हे माझ्या कोडमध्ये कुठेही नाही. अजून शोधते अधूनमधून. त्या सहकाऱ्यानेही ओळ न ओळ तपासली, त्यालाही नाही सापडलं. असेल काहीतरी कारण, मला ते माहीत नाही.

पाच वाजता नव्या पेटीतून ओळ आली. आईने वाचली, चहा टाकला आणि दोनच कप गाळला.

मी विचारलं, "पप्पांचा?"

"ते गेले की घरी," आई म्हणाली. माझा कप माझ्याकडे सरकवला. "तू आलीस ना आता."

चहा तसाच ठेवून मी डायरी उघडली, शेवटच्या ओळीखाली 'चार्ज घेतला' लिहिलं आणि सही केली.