कळमन्याच्या गेटवरच्या दोन छत्र्या

बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती एका छत्रीखाली बसायची. मोबाईल कंपनीची जांभळी छत्री, खाली घडीचं टेबल, प्लास्टिकची खुर्ची आणि अंगठ्याचा ठसा घेणारं लहानसं यंत्र. जागा नागपूरच्या कळमना बाजाराच्या मोठ्या गेटशी. नवीन सिम विकणं हे माझं खरं काम नव्हतं. नवीन माणूस कोणी उरलाच नव्हता. हमालापासून अडत्यापर्यंत प्रत्येकाच्या खिशात फोन होता. दुसऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक फोडून आपल्याकडे आणायचं, ह्यासाठी मला पगार मिळत होता. नंबर तोच राहतो, फक्त कंपनी बदलते, हे वाक्य मी दिवसभर बोलायची.

आईला ते आवडलं नव्हतं. एवढं शिकून रस्त्यावर बसायचं, असं ती दोन-तीनदा म्हणाली. बाबा म्हणाले, बसू दे, वर छत्री तर आहे.

सीताबर्डीच्या ऑफिसात आम्हाला बोलायचं शिकवलं होतं. "नमस्कार सर, आपण सध्या कोणती सेवा वापरता?" पहिल्या दिवशी मी एका हमालाला असं विचारलं, तर त्यानं मागे वळून पाहिलं, सर कोण आले म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मी "भाऊ, कोणतं सिम वापरून राहिले?" असं विचारू लागले आणि माणसं थांबायला लागली.

रस्त्याच्या पलीकडे हिरवी छत्री होती. ती दुसऱ्या कंपनीची. तिच्याखाली एक काका बसत. वय पन्नाशीच्या पुढे, केस काळे केलेले, शर्ट रोज इस्त्रीचा. त्यांचा पूर्वी इतवारीत एसटीडीचा बूथ होता. काचेचं दार, आत स्टूल, भिंतीवर लाल आकडे पळणारं मीटर. लोक रांग लावत. मग मोबाईल आले आणि रांग गेली. काकांनी आधी झेरॉक्सचं मशीन टाकलं, मग रिचार्ज विकले, शेवटी दुकान बंद करून ज्यांच्यामुळे ते बंद पडलं त्यांच्यापैकीच एकाच्या छत्रीखाली येऊन बसले. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यात तक्रार नव्हती. बस बदलली, असं सांगावं तसं सांगितलं.

पहिले काही महिने आमचं बोलणं नव्हतं. माझ्या टेबलाशी कोणी थांबला की ते पलीकडून हाक मारत, "अरे भाऊ, तिथं काय पाहून राहिला? इकडं ये, चांगली स्कीम आहे." मीही तेच करायची. माझी कंपनी नंबर आणणाऱ्याला बादली द्यायची, त्यांची जेवणाचा डबा. एकदा कंपनी बदलली की तीन महिने पुन्हा बदलता येत नाही असा नियम होता. तीन महिने झाले की बादलीवाले डब्यासाठी पलीकडे जात आणि डबेवाले बादलीसाठी माझ्याकडे येत. एका हमालानं आमच्या दोघांकडे मिळून चार चकरा केल्या. त्याच्या बोटांवरच्या रेषा पोत्यांनी घासून गेल्या होत्या, यंत्र ठसा घ्यायचंच नाही. मी त्याचा अंगठा पुसून पुसून दाबायची आणि तो शांतपणे म्हणायचा, "तिकडच्या मशीनवर लवकर उमटते."

बोलणं सुरू झालं ते मिरचीच्या हंगामात. लाल मिरचीच्या गाड्या लागल्या की अख्खा रस्ता खोकायचा. कोणी थांबत नसे. मी ओढणीनं नाक-तोंड बांधून बसायची, ते रुमालानं. एकदा खोकत खोकतच ते रस्ता ओलांडून आले आणि गुळाचा खडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "चघळ. घसा सुटंन." मग रोजच दोन शब्द होऊ लागले. मी त्यांना काका म्हणायची, ते मला पोरी म्हणायचे. गिऱ्हाईक दिसलं की दोघंही आपापल्या खुर्चीकडे पळायचो.

गेटच्या भिंतीला लागून एका मावशीची चहाची टपरी होती. नवरा गेल्यावर ती तिनं एकटीनं चालवलेली. बाजाराच्या आतल्या गाळ्यांतून तिच्या फोनवर चहाची मागणी यायची आणि तिच्याकडची दोन माणसं किटल्या घेऊन आत जायची. तिचा नंबर टपरीच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरात रंगवलेला होता. प्रत्येक अडत्याकडे, मुनिमाकडे, ट्रकवाल्याकडे तो होता. आणि तो होता हिरव्या कंपनीचा.

आमचा टीम लीडर आठवड्यातून एकदा बाईकवर यायचा. तो नागपुरी हिंदीत बोलायचा. "मॅडम, वो चायवाली को लाओ अपने में. उसके पीछे पूरी मंडी आएगी."

मी प्रयत्न केला. मावशीनं पहिल्यांदा हातानंच उडवून लावलं. "मले नको वं पोरी. माहा नंबर बंद पडला तं माही भट्टी बंद पडंन."

"नंबर बंद नाही पडत मावशी. नंबर तोच राहते."

"असं सगळेच म्हणतेत."

मी पुन्हा विचारलं नाही. तिला कंपनी बदलायला लावलं ते माझ्या बोलण्यानं नाही, टपरीच्या पत्र्यानं. पत्र्याखाली त्या कोपऱ्यात हिरव्या कंपनीचं नेटवर्क येऊन-जाऊन असायचं. फोन वाजला की मावशी तो कानाला लावून रस्त्यावर धावायची. एक दिवस मिरचीच्या शेडमधून मागणी आली ती तिला नीट ऐकू आली नाही, आणि मोठी किटली कांद्याच्या शेडमध्ये गेली. तिथे कोणी चहा मागवला नव्हता. इकडे मिरचीवाले वाट पाहून दुसरीकडे गेले. किटली भरलेली परत आली. मावशीनं चहा नालीत ओतला, पदरानं हात पुसले आणि सरळ माझ्या टेबलाशी आली.

"कर तुह्यं काय करायचं ते."

तिच्या फोनवरून मी कंपनी बदलायचा मेसेज टाकला, कोड आला. थोड्याच वेळात तिच्या जुन्या कंपनीचा फोन. सोडून जाणाऱ्याला थांबवायला असा फोन येतो, हे मला माहीत होतं. आमच्या कंपनीतही त्यासाठी वेगळी माणसं बसवलेली होती. मावशीनं स्पीकर लावला.

"मॅडम, आपण आमची सेवा का सोडत आहात?"

"ऐकू येत नाही म्हून."

"हॅलो? मॅडम, माझा आवाज येतोय का?"

"हेच तं सांगून राहिली!"

"हॅलो? हॅलो मॅडम?"

मावशीनं फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. पलीकडे काका सगळं बघत होते. ते आले, टपरीच्या बाकावर बसले, चहा घेतला. "बाई, बरेच वर्षं होतं तुमचं सिम आमच्याकडं," एवढंच म्हणाले.

"तुमच्याशी काही नाही भाऊ. तुमच्या कंपनीले ऐकू येत नाही, त्याले मी काय करू?"

त्यांनी मान हलवली, ग्लास ठेवला आणि आपल्या छत्रीखाली गेले.

काही दिवसांनी नवीन सिम घालायची वेळ आली. सकाळी जुनं सिम बंद पडलं, मी नवीन घातलं. तास-दोन तासांत ते सुरू व्हायला हवं होतं. दुपार झाली तरी फोनवर नेटवर्कची एक रेघ नाही. मी ऑफिसला फोन केला. "सिस्टीममध्ये आहे," असं उत्तर मिळालं. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच.

तूर यायला सुरुवात झाली होती. गेटबाहेर गाड्यांची रांग, आत माणसांची गर्दी, म्हणजे चहाचे दिवस. आणि मावशीचा फोन गप्प. किटल्या भरून ठेवलेल्या, दोन्ही माणसं बाकावर बसलेली. मी दर थोड्या वेळानं मावशीचा फोन मागून घ्यायची, बंद करून पुन्हा चालू करायची आणि परत द्यायची. ती तो न बघताच कनवटीला खोचायची. त्या दिवशी ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

अकराच्या सुमाराला काका आपलं टेबल तसंच सोडून गेटच्या आत गेले. बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन परत आले. नंतर कळलं, ते ओळीनं गाळे फिरून सांगत आले होते, मावशीचा फोन बंद आहे, चहा पाहिजे तर माझ्या नंबरवर सांगा. ते खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि रस्त्यापलीकडून आवाज दिला, "मावशी! तुरीच्या मोठ्या शेडमध्ये दहा, बिनसाखरेचे दोन!"

त्यानंतर फोन थांबेना. दोन माणसं पुरेनात. मी यंत्र पिशवीत टाकलं आणि ग्लास विसळायला बसले. नंतर एक किटली मीही घेऊन गेले. आतला बाजार मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. इतके महिने गेटवरच बसले होते.

मी परतत होते तेव्हाच टीम लीडर आला. हातात किटली पाहून त्यानं बाईक बंद केली.

"मॅडम, ये क्या चल रहा है?"

"मावशीचा नंबर सुरू होईपर्यंत हेच चालणार."

त्यानं ओरडणाऱ्या काकांकडे पाहिलं, मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बाजूला जाऊन कोणाला तरी फोन लावला. बराच वेळ बोलत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन वाजला. ती बसल्या जागेवरून बोलली. आवाज स्वच्छ येत होता.

दुपारी निवांत झाल्यावर मी काकांना विचारलं, "काका, गिऱ्हाईक तं आमच्याकडं आलं. तुम्ही काहून एवढं केलं?"

"लाइन बंद पडली का लोक कसे होते, बूथवर लय पाहिलं आहे," ते म्हणाले. "चिडलेला माणूस कंपनीचं नाव नाही पाहत. तुह्या छत्रीवर गोटा मारला असता तं एखादा माह्यावरही आला असता."

मला ते पूर्ण खरं वाटलं नाही.

टीम लीडरची अख्खी मंडी काही आली नाही. थोडी माणसं मावशीकडे चौकशी करून आली, बाकीचे जिथे होते तिथे राहिले. एक गोष्ट मात्र बदलली. आतल्या गाळ्यांकडे आता चहाचे दोन नंबर झाले होते. मावशी भट्टीवर असली की फोन उचलायला उशीर करायची. काका पहिल्या रिंगला उचलायचे आणि कोणाला किती साखर लागते हे लक्षात ठेवायचे. त्यांच्या फोनवर मागण्या येतच राहिल्या. मावशी संध्याकाळी त्यांच्या हातावर काहीतरी ठेवू लागली. आधी ते नाही म्हणाले, मग घेऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात काका एक दिवस पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आले. ऊन इतकं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. त्यांनी पेपर माझ्यापुढे पसरला. जांभळी आणि हिरवी कंपनी एक होणार होती.

मी बातमी दोनदा वाचली. टीम लीडरला फोन केला. त्यालाही पेपरातूनच कळलं होतं.

"म्हणजे आता तुह्ये गिऱ्हाईक ते माहे, अन् माहे ते तुह्ये," काका म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "मग आपण एवढे दिवस काय करून राहिलो होतो वं?"

"पगार घेऊन राहिलो होतो," मी म्हणाले.

ते हसले. मीही हसले. पण घरी जाताना मला तो बोटं घासलेला हमाल आठवला आणि कोणत्या वेळेला तो कोणाकडे होता हे जुळवायचा मी प्रयत्न केला. जुळेना. तेव्हा सोडून दिलं.

कंपन्या एक व्हायला बरेच महिने गेले. छत्रीचा रंग बदलला, नाव बदललं, आणि एका गेटवर एकच छत्री राहील असा हुकूम आला. आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. काकांनी टीम लीडरला तोंडच उघडू दिलं नाही. "मी नाही बसत आता. एकदा बूथ बंद झाला, एकदा छत्री. तिसऱ्या खेपेची वाट पाहाले मले वेळ नाही." दुसऱ्या दिवसापासून ते मावशीच्या टपरीवर स्टूल टाकून बसले. आता त्यांच्यासमोर फोन दोन होते.

मी गेटवर एकटी राहिले. वाटलं होतं, काम सोपं होईल. झालं उलटंच. माणसं थांबत, माझी स्कीम ऐकत आणि सवयीनं पलीकडे बघत. "समोरचे काय देऊन राहिले?" समोर कोणी नाही म्हटलं की "मग पाहू" म्हणून निघून जात. बादल्याही बंद झाल्या होत्या. दर महिन्याला मला टार्गेट गाठता येईना. पावसाळा संपता संपता मौद्याला एका ठेकेदाराच्या ऑफिसात हिशेबाचं काम निघालं, मी अर्ज केला आणि त्यांनी मला घेतलं.

निघायच्या दिवशी मी यंत्र आणि उरलेली सिमं टीम लीडरकडे दिली. त्यानं छत्री मिटून बाईकला बांधली. टेबल बाईकवर जाणारं नव्हतं. नंतर नेतो म्हणाला, पण आला नाही. काकांनी ते उचलून टपरीच्या बाजूला लावलं आणि मावशीनं त्यावर धुतलेले ग्लास पालथे घातले. मला ऑटो मिळाली तेव्हा काका फोनवर होते. त्यांनी हात वर केला आणि फोनमध्ये म्हणाले, "हाव, हाव, बोला, किती पाठवू?"