छातीतली शिट्टी

बर्मिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळात दोन म्हातारे भेटले की किस्सा तयार होतो. गणपतीत तर रोज एक. हे सगळे दोन हजार सालानंतरच्या एकाच गणपतीतले.

आरतीची शेवटची ओळ आम्ही दम असेल तोवर ताणतो. सगळे थांबल्यावर ज्याचा सूर उरतो, तो जिंकला. तो मान माझा. बस चालवून रिटायर झालेला माझा मित्र नाना कुलकर्णी दरवर्षी दुसराच.

*

त्या वर्षी सुनेने, मेधाने, छाती तपासली. ती डॉक्टर आहे.

"बाबा, व्हीझ आहे. यंदा आरती ताणायची नाही."

"व्हीझ म्हणजे?"

"दम लागला की छातीत शिट्टी वाजते, ती."

"आली कुठून?"

"शब्द ना? बहुधा जुन्या नॉर्स भाषेतून. तिकडचे दर्यावर्दी इथे आले, त्यांची भाषा. मूळ अर्थ फुसकारणं."

मी आजाराचे विचारले होते.

*

नानाला सांगितले, हा शब्द फुसकारण्यावरून आला. तो म्हणाला, "तू फुसकारतोस हे वहिनींना लग्नापासून माहीत आहे. त्याला डॉक्टर कशाला?"

*

सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, नर्सने दम मोजायला फुंकायची नळी दिली. नाना सोबत होता. मंडळाचा शंख तोच फुंकतो.

"बूट काढ," तो म्हणाला. "बूट घालून कोणी फुंकतं का?"

मी बूट काढले, नळी कपाळाला लावली, डोळे मिटून फुंकली. नर्सने विचारले, "पायही दुखतात का?"

*

घरी मी जिना चढून खुर्चीत बसलो की बायको गॅस बंद करायची. डाळ तीनदा कच्ची निघाली, तेव्हा तिला कळले की शिट्टी कुकरची नव्हती.

*

आरतीला मेधा माझ्या शेजारीच उभी राहिली. "एकच श्वास, बाबा. मी बोट वर केलं की थांबायचं."

मान जाणार हे मला दिसत होते. पण शब्द दिला.

शेवटची ओळ आली. हॉलने ताणली. एकेक जण गळाला. मी आणि नाना उरलो. नाना ताणताना डोळे मिटतो आणि कान माझ्याकडे करतो.

मेधाने बोट वर केले. मी तोंड मिटले. छातीतली शिट्टी मात्र चालू राहिली.

नाना ताणत होता. लाल झाला. जांभळा झाला. शेवटी धपकन खुर्चीत बसला.

"बस कर रे," तो धापा टाकत म्हणाला. "जिंकलास."

मेधाने तोंडाला पदर लावला. मी तोंड न उघडता मान हलवली आणि प्रसादाला हात पुढे केला.