रात्रभर राहिलेली रास

सोमवारी सकाळी अकरा वाजता वडील खळ्यावर बसले आणि पुन्हा उठले नाहीत. पुढच्या बुधवारी दहावं झालं, माझं मुंडन झालं. गुरुवारी खालापूरला भौतिकशास्त्राची परिषद होती.

त्या परिषदेत दुपारी एकेका टेबलावर एक जाणता संशोधक आणि आमच्यासारखे चार-पाच विद्यार्थी बसत. भाषण नाही, पडद्यावर काही दाखवायचं नाही. नुसतं जेवायचं आणि बोलायचं. कोणाबरोबर बसायचं ते महिनाभर आधी कळवायचं होतं. धान्याचे, वाळूचे ढीग कसे सरकतात यावर काम करणाऱ्या एका बाईंचं नाव मी दिलं होतं. त्यांना त्या वर्षी एकच विद्यार्थी घ्यायचा होता. एम.एस्सी. झाल्यापासून मला तीच जागा हवी होती.

सुतकात मी घराबाहेर पडणं काकांना पटलं नाही. "तेरावं तरी होऊ दे रं," ते म्हणाले.

आई भिंतीला टेकून बसली होती. "जाऊ दे त्याला. त्यांनीच चार जनांना सांगून ठेवलंय, पोरगा परिषदेला जानार हाय म्हनून."

मी निघालो. पोशीरहून कर्जत, तिथून खालापूरची एसटी. निघताना आईने एवढंच बजावलं, "बाहेरचं काय खाऊ नको."

टेबलावर मी ताट वाढून घेतलं, कारण रिकाम्या ताटाने बसणं बरं दिसलं नसतं. शेजारच्या मुलीने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "काय रे, तिरुपती का?" सगळे हसले. मीही हसलो आणि "हो" म्हणालो. इतक्या सहज तो शब्द तोंडातून गेला, की मलाच भीती वाटली.

"मग काय मागितलंत बालाजीकडे?" बाईंनी विचारलं. "माझ्याकडची जागा?"

पुन्हा हसणं झालं. माझे कान तापले. खाली मान घालून मी ताटातला भात बोटांनी गोळा करत राहिलो.

"जेवत काहीच नाही तुम्ही, नुसते ढीग रचताय," बाई म्हणाल्या. "बोला, काय दिसतंय त्यात?"

मी बोललो. ओल्या भाताची रास उभी राहते, सुकं भात पसरतं, हे शेतावर सगळ्यांना माहीत असतं. पण सुक्या भाताची ताजी रास पायाच्या धक्क्याने सरकते, आणि तीच रात्रभर राहिली की सकाळी तेवढ्याच धक्क्याने हलत नाही. हाताला तर भात कोरडंच लागतं. वडील दर हंगामात मला हे करून दाखवायचे. "झोपली बघ," असं म्हणायचे. ते मी तिथे सांगितलं नाही.

बाईंनी चमचा खाली ठेवला. "हे कुठे पाहिलंत?"

वडिलांचं सांगितलं असतं, तर त्यांनी वडिलांबद्दल विचारलं असतं. आणि पाच मिनिटांपूर्वीच मी तिरुपतीवर सगळ्यांबरोबर हसलो होतो.

"एका पुस्तकात वाचलं होतं," मी म्हणालो.

"कुठल्या?"

"आता आठवत नाही."

"आठवलं की कळवा. असं कोणी नीट लिहून ठेवलंय, हे मला माहीत नव्हतं." मग ताट सरकवत त्या म्हणाल्या, "आणि जानेवारीत येऊन भेटा. जागेचं बोलू."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई दारातच होती. "खाल्लं नाय ना काय?"

"नाही," मी म्हणालो. त्या दिवशी स्वतःबद्दल मी बोललेलं तेवढंच खरं होतं.

याला तीन वर्षं झाली. मी बाईंकडेच काम करतो. रात्रभर राहिलेली रास हाच माझा विषय आहे. पुस्तकाचं नाव त्यांनी मधल्या काळात दोनदा विचारलं. दोन्ही वेळा शोधतो म्हणालो. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात त्या निरीक्षणापुढे संदर्भाची जागा अजून रिकामी आहे.