गाडीचं पाणी

आमच्या गावात दसऱ्याला सोनं वाटण्याआधी इंजिनाला पाणी पाजतात. शहापुरातल्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, मी हे एकदा सहज बोलून गेले आणि पुढे कितीतरी दिवस सगळे मला त्यावरून चिडवत होते. बैलाला पाजतात तसं का, बाई? हो, तसंच. त्यात एवढं दात काढण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

गाव मुरबाडच्या रस्त्यावरून आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. पूर्वी तिथे लाकडाचा डेपो होता. वरच्या जंगलातला साग आणि ऐन खाली आणायला कुणा ठेकेदाराने अरुंद रूळ टाकले होते आणि त्यावर हे वाफेचं इंजिन चालायचं. माझे आजोबा त्याचे ड्रायव्हर. बाबा अंगाने भरल्यावर त्यांच्या हाताखाली लागले, भट्टीत लाकडं टाकायला.

हे इंजिन कसाऱ्याच्या घाटात चालायचं तसलं नव्हे. चाकांना जोडलेले मोठे दांडे याला नाहीत. एका अंगाला तीन सिलिंडर उभे, त्यांच्या जोरावर फिरणारा एक लांब आस आणि त्या आसावरून प्रत्येक चाकाला दातेरी चक्रं. त्यामुळे ताकद दांडगी, पण चाल बैलगाडीची. बाबा सांगायचे की आवाज ऐकून वाटावं गाडी सुसाट निघालीय, आणि बघावं तर डोक्यावर मोळी घेतलेली बाई बाजूने चालत पुढे जातेय. हे सांगताना ते दर वेळी हसायचे. आम्ही पण हसायचो, कारण न हसलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

लाकूडतोड बंद झाली तशी ठेकेदाराने पाठ फिरवली. रूळ लोकांनी उचलले. कुणाच्या घराला तुळई झाली, एक तुकडा शाळेत घंटा म्हणून टांगला. इंजिन मात्र चिखलात रुतलेलं, भंगारवाल्यांनाही हललं नाही. त्यांनी पितळेचं तेवढं ओरबाडून नेलं. उरलेलं बाबांनी सांभाळलं. चक्रांना ते करंजाचं तेल लावायचे, पावसाळ्याआधी वर पेंढ्याचं छप्पर घालायचे. आणि दसऱ्याला पाणी.

त्याचं कारण असं. आजोबांनी त्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती आणि बाबा ती आम्हाला ऐकवायचे, "गाडी कोरडी पडू द्यायची नाय. बाकी काय बी चुकलं तरी चालंल." खाली जाळ असताना बॉयलरमधलं पाणी आटलं तर बॉयलर फुटतो, आणि मग जवळपासचं कुणी वाचत नाही. बाबांनी हा नियम पाळला. जाळ विझला, रूळ गेले, आजोबा गेले, तरी पाळला. बॉयलरच्या डोक्यावरची पितळी तोटी चोरीला गेली होती, त्या भोकातून दरवर्षी गावातल्या बायका कळश्या ओतायच्या. वर्षभरात पाणी कमी व्हायचं तेवढं पुन्हा भरायचं. गाडी वर्षाचं पाणी पिते, असं आम्ही पोरं एकमेकांना सांगायचो. ते खालून झिरपत असेल, हे मोठ्यांच्याही मनात आलं नाही. मी विज्ञान शिकवते. माझ्याही आलं नाही.

तीनेक वर्षांपूर्वी जुन्या इंजिनांचं वेड असलेली काही मंडळी गावात आली. त्यांतले एक निवृत्त इंजिनियर, बॉयलरमधले जाणकार. इंजिन बघून त्यांना काय करू नि काय नको असं झालं. अशी दातेरी चक्रांची गाडी आपल्याकडे बघायला मिळत नाही म्हणाले. थोडे रूळ टाकून ती पुन्हा वाफेवर चालवायची असं ठरलं. आणि त्यांनी बाबांना शब्द दिला की भट्टीत पहिला जाळ तुमच्याच हातचा.

बाबांनी पंचाऐंशी ओलांडली होती, कान गेले होते. पण त्या दिवसापासून त्यांच्यात वारं भरलं. गाडीला ऐनाचंच लाकूड लागतं म्हणून कुठून कुठून ऐनाची सुकी लाकडं आणवली, स्वतः बसून भट्टीच्या मापाने फोडली आणि ओटीवर रचली. घरात शिरायला वाट उरली नाही. मी दर रविवारी गावी गेले की त्या ढिगाला पाय ठेचकाळायचा आणि मी चरफडायचे. ते ढिगाकडे बघून म्हणायचे, एवढ्यात वरच्या वळणापर्यंत जाऊन येऊ. वरच्या वळणाला आता रूळ नाहीत हे त्यांना माहीत होतं.

दोन वर्षं चक्रं साफ करण्यात गेली, बॉयलर शेवटी उघडायचा होता. मग एका रविवारी रुळाच्या छोट्या तुकड्यावर गाडी हलवून बघायची ठरली, ट्रॅक्टर लावून. बाबा वर चढले, त्यांना धरायला मी चढले. ट्रॅक्टरने ओढ घेतली, काहीतरी कण्हलं आणि खालून दात्यांत दाते बसल्याची टकटक सुरू झाली. बाबांना ती ऐकू येत नव्हती, त्यांनी पत्र्याला तळवा लावून ठेवला होता. मान बाहेर काढून ते पुढे बघत होते, रुळावर गुरं आली तर म्हणून. मधेच त्यांचा हात वर गेला आणि शिट्टीची दोरी शोधू लागला. दोरी नव्हती. हात तसाच थोडा वेळ वर राहिला. मला रडू आलं आणि मी धुराचं निमित्तही करू शकत नव्हते, कारण धूर ट्रॅक्टरचा होता आणि दुसरीकडे जात होता.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या इंजिनियर साहेबांनी बॉयलर उघडला. बाबा आंब्याखाली खुर्चीवर बसले होते, अगदी समोर. साहेबांनी आत दिवा धरला, हातोडीने ठोकून बघितलं, आणि बुडाचा पत्रा पापडासारखा तुटून चाकांच्या आड खाली पडला. आतल्या नळ्या तर बोटाने मोडत होत्या. त्यांनी दिवा बाहेर काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाहेरून एवढं जपलंय हो यांनी. पण आत पाणी कुणी ठेवलं? रिकामं करून कोरडं ठेवलं असतं तर आज पेटवलं असतं."

मी बाबांकडे बघितलं. आमचे ओठ हलताना बघून ते हसले आणि मान हलवली, कसं काय आहे म्हणून. मी हाताने खूण केली की छान आहे.

साहेबांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. भला माणूस, त्यांना बोलल्याचं फार वाईट वाटलं. नवा बॉयलर आमच्या कुणाच्याच आवाक्यातला नव्हता. गाडीला रंग देऊन, वर शेड घालून ती बघण्यापुरती ठेवायची, एवढंच उरलं. बाबांना काय सांगायचं ते मी बघते असं मी साहेबांना म्हणाले, आणि बाबांना सांगितलं हेच की सरकारी परवानगी अडकलीय. सरकारवर काहीही ढकललं तरी पटतं. बाबा प्रत्येक रविवारी विचारायचे, आली का गो परवानगी? मी नाही म्हणायचे. ते लाकडांवरची धूळ झटकायचे. मला स्वतःचा संताप यायचा, आजोबांचा यायचा, त्या साध्यासरळ नियमाचा यायचा, आणि कुणाला दोष द्यावा तर एकही माणूस सापडायचा नाही.

मग दसरा आला. पाणी भरायचं म्हणून बाबा सकाळपासून नवं धोतर नेसून तयार. मी त्याआधीच जाऊन बुडाच्या भोकात चिंध्या कोंबल्या होत्या आणि वरून कपड्यांचा साबण चोपडला होता. स्कूटरची टाकी गळायला लागली की लावतात ना, तसा. गावातल्या बायकांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी नेहमीसारख्या कळश्या आणल्या, झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. बाबा चपला काढून चाकाशी हात जोडून उभे राहिले. मी शिडीवर चढले आणि ओतायला लागले.

साबण तिसऱ्या कळशीला सुटला. वरून मला आवाज ऐकू आला, धबधबा पडावा तसं पाणी खाली मातीत जात होतं. मी थांबले नाही. त्यांना ऐकू येत नाही, हीच एक आशा होती. बायका एकमेकींकडे न बघता कळश्या वर देत राहिल्या.

पाणी वाहत त्यांच्या अनवाणी पायांपाशी आलं. त्यांनी खाली बघितलं. मग चाकामागे, जिथून धार येत होती तिथे, आणि मग वर माझ्याकडे. किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही. मी रिकामी कळशी धरून तशीच उभी होते.

"भरली," ते म्हणाले. "उतर आता, पडशील."

घरी त्यांनी सगळ्यांना सोनं दिलं, जेवले, नेहमीच्या वेळी झोपले. परवानगीचं काही विचारलं नाही.

सकाळी मी उठले तेव्हा न्हाणीच्या चुलीत जाळ धडधडत होता आणि बाबा समोर उकिडवे बसले होते. ओटीवरच्या ढिगातली वरची रांग गेली होती. त्यांनी आणखी एक ऐनाचं लाकूड आत सरकवलं, हंड्यात बोट बुडवून बघितलं आणि मला म्हणाले, "पाणी तापलंय गो. आंगोळ करून घे."