भास्करच्या जहाजाचा झेंडा

"थापाड्या, हात मागे घे! मागे घे म्हणतो ना!"

भास्कर ओरडला तेव्हा त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, डॉक्टरांनी बोलायची बंदी घातली होती, आणि आवाज मात्र असा की गंगापूर धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडले असावेत. खालच्या मजल्यावरचं कुत्रं जे पळालं ते थेट पाथर्डी फाट्यावर थांबलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. निम्मं तरी खरं आहे. मी केलं काय होतं? टीव्हीशेजारच्या त्याच्या लाकडी जहाजाकडे एक बोट नेलं होतं. लावलंही नव्हतं. त्याची बायको, शोभावहिनी, पिठाच्या हातांनी धावत आल्या. "भाऊजी, काय केलंत?" "अजून काही नाही," मी म्हणालो. भास्कर हसला, खोकला, पुन्हा हसला. चार दिवसांनी तो गेला... तीच आमची शेवटची भेट. घरी परतताना माझ्या डोक्यात मात्र एकच भुंगा होता. हा एवढा ओरडला का? याला कळलं होतं की काय?

अंबडच्या कारखान्यात आम्ही अठ्ठावीस वर्षं एकत्र काढली. तो टूलरूममध्ये, मी डिस्पॅचला. त्याची नजर अशी, की एका केसाचे उभे चार भाग करील आणि त्यातला एक जाड आहे म्हणून परत पाठवील. तो मापं घ्यायचा, मी गोष्टी सांगायचो. समुद्र त्यानं उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला, पण घरात जहाजं इतकी, की नाशिकला बंदर नाही ही सरकारची चूक वाटावी. लाकूड पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या मोडक्या पॅलेटचं, आणि ते आणायला माझी स्कूटर. शिडं जुन्या पंचाची. ती जुनाट दिसावीत म्हणून तो चहात बुडवून वाळवायचा. "पाहुण्यांना मिळतो त्यापेक्षा दाट चहा शिडांना मिळतो," असं वहिनी म्हणायच्या, आणि माझ्याकडे बघूनच म्हणायच्या. सुताला मेणबत्ती घासून दोर, पितळेच्या तारेच्या कड्या. एकेका जहाजाला दोन-दोन वर्षं. त्यातलं तीन डोलकाठ्यांचं, हे टीव्हीशेजारचं, त्याचं सगळ्यात लाडकं.

नऊ वर्षांपूर्वी शहरातल्या एका छंद-प्रदर्शनात ते जहाज ठेवायचं ठरलं. त्या सकाळी मी टेम्पो घेऊन त्याच्या घरी पोचलो. भास्कर आंघोळीला गेलेला, वहिनी स्वयंपाकघरात. मी बाहेरूनच त्यांना रामकुंडाच्या पुराची गोष्ट सांगत होतो. मी एकट्यानं नाव हाकून सात माणसं कशी वाचवली... (तेव्हा सातच होती, आता अकरा आहेत.) वल्हं कसं मारलं ते दाखवायला हात फिरवला आणि कोपर लागलं. मधल्या डोलकाठीच्या टोकावरचा नखाएवढा तांबडा झेंडा टप्पकन खाली! गोष्टीतली सातही माणसं तिथंच बुडाली. न्हाणीघरातलं पाणी थांबलेलं. मी टेबलावरचा गोंद घेतला आणि झेंडा चिकटवून टाकला. कसा? तर रिक्षाला लावलेला उडतो तसा. गाडी पुढे, झेंडा मागे. यात चुकण्यासारखं काय आहे?

प्रदर्शनाचे परीक्षक निघाले जहाजावर नोकरी केलेले. त्यांनी भिंगातून एकेक दोर पाहिला, मान डोलावली, आणि मग झेंड्यापाशी थांबले. "साहेब, शिडं पुढे फुगलीत, म्हणजे वारा मागून. झेंडा मागे उडतोय, म्हणजे वारा पुढून. तुमचं जहाज नक्की चाललंय कुठे?" सगळं दालन हसलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला... शिडाचं जहाज वाराच ढकलतो, त्याचा झेंडा शिडांसारखा पुढेच उडणार! भास्करनं झेंड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "चूक माझी." मी मागे उभा राहून बटाटेवडा खात होतो. नाशिकमधला प्रत्येक माणूस मी आजवर गोष्टींनी गार केलाय, पण त्या दिवशी माझ्या तोंडातून एक खरं वाक्य निघालं नाही. बक्षीस काड्यापेटीच्या काड्यांच्या देवळाला मिळालं.

त्यानंतर त्यानं आणखी चार जहाजं केली, पण प्रदर्शनात एकही नेलं नाही. आणि तो झेंडा? तसाच, उलटा! मी दर रविवारी जायचो, चहा प्यायचो, थापा मारायचो, आणि तो नखाएवढा झेंडा मला सुईसारखा टोचायचा. मला वाटायचं, आपला हात चुकला असं समजून हा बिचारा स्वतःलाच शिक्षा देतोय. सांगू सांगू म्हणता नऊ वर्षं गेली. आणि मग तोच गेला.

जलदानविधीला गर्दी होती, तिथं वहिनींना सांगणं जमलं नाही. पण गेल्या रविवारी सवयीनं पाय तिकडे वळले. वहिनी जहाजावरची धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशनं झटकत होत्या, भास्कर झटकायचा तशीच, मागून पुढे. मी चप्पलसुद्धा न काढता दारातूनच सगळं ओकून टाकलं. रामकुंड, कोपर, गोंद, बटाटेवडा. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट न वाढवता सांगितली.

"माहीत होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "टेम्पोत चढवतानाच दिसलं होतं. तुम्ही तिथंच शेजारी होतात, म्हणून हात लावला नाही."

काय सांगू! नऊ वर्षं भरलेला ट्रक एका क्षणात रिकामा झाला. मी भिंतीला टेकून हसलो, डोळे पुसले, परत हसलो. म्हणजे मला वाटलं तशी त्यानं स्वतःला शिक्षा वगैरे काही दिली नव्हती. तो माझ्या थापा ऐकत मजेत चहा पीत होता!

"अहो, पण मग नंतर तरी सरळ करायचा," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम त्याला."

"सरळ केला असता तर त्यांना माहीत आहे हे तुम्हाला कळलं असतं," वहिनी म्हणाल्या. "मग तुम्ही आला नसतात."