निशाणी बारा

कोर्टाच्या रेकॉर्डरूममधले प्रफुल्लसाहेब 'नाही' हा शब्द कधी तोंडातून काढत नसत. ते "बघू" म्हणत. सकाळी गेलं की "बघू", दुपारी "बघतो म्हटलं ना", आणि चारच्या पुढे, खुर्चीवरचा टॉवेल झटकता झटकता, "आता उद्याच बघू, मावशी." गालात कायम काहीतरी धरलेलं, त्यामुळे प्रत्येक 'बघू' ओला होऊन बाहेर यायचा. लंकाबाई कांद्याच्या खळ्यावर निवडाईला बसायची. तिथं ती गालात सुपारी धरून, मान अर्धवट वळवून, साहेबांचं "आता उद्याच बघू, मावशी" असं काही काढायची, की बायका गोण्यांवर आडव्या होऊन हसायच्या. ती मात्र हसत नव्हती. तिच्याकडे पंधरा दिवस होते आणि त्यातले सहा या 'बघू'त गेले होते.

पंधरा दिवस तलाठ्यानं दिले होते. तिचा नवरा सावळीराम ठोंबरे गेल्या महिन्यात वारला. तिला सांगायला कोणी आलं नाही. भावजयीच्या मोबाइलवर त्याचा हार घातलेला फोटो आला, खाली दोन हात जोडलेले, तेव्हा कळलं. पाठोपाठ त्याच्या गावच्या चावडीवर नोटीस लागली. सावळीरामच्या दीड एकराला वारस म्हणून नाव लावायचं होतं: सगुणाबाई सावळीराम ठोंबरे, विधवा. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत पुराव्यासह यावं.

आता सगुणाबाई म्हणजे लंकाबाईच. लग्नात ताटात तांदूळ पसरले, सावळीरामनं त्यात अंगठीनं 'सगुणा' असं लिहिलं, बायकांनी "नाव घे, नाव घे" करून कान किटवले, आणि माहेरची लंका त्या ताटात संपली. तीन वर्षं ती सगुणा होती. मग पाळणा हलत नाही म्हणून सासूनं तिचं गाठोडं ओट्यावर ठेवलं. सहा महिन्यांत सावळीरामनं घोटीकडची सिंधू आणली. पुन्हा ताट, पुन्हा तांदूळ, पुन्हा अंगठी. आणि लिहिलं काय? 'सगुणा'. लोकांनी विचारलं तर म्हणे, "रेशनकार्डावर नाव हायेच. नाव तयार हाय, बाई तेवढी नवी. तहसीलला चकरा कोन मारनार?" हे तो पारावर बसून, मांडीवर थाप मारून सांगायचा. ऐकणारे टाळ्या द्यायचे. लंकाबाईला ते वाक्य त्याच्या थापेसकट पाठ होतं.

तेव्हापासून मतदारयादीत सगुणा, सोसायटीत सगुणा, आधारवर सगुणा. सगळ्या सगुणा म्हणजे सिंधू.

लंकाबाईकडे एकच हत्यार होतं. ब्याण्णव साली तिच्या बापानं, झिपरूआबानं, तालुक्याच्या कोर्टात सावळीरामवर पोटगीचा दावा लावला होता. तो तिनं जिंकला होता. लग्नाची बायको हीच, असं न्यायाधीशानं लिहून दिलं होतं. तो कागद आबांच्या पेटीत होता. पेटीला वाळवी लागली. कोर्टातला तर असेल ना!

"नंबर सांगा," प्रफुल्लसाहेब पहिल्या दिवशी म्हणाले होते.

"कशाचा?"

"दाव्याचा, मावशी. गाडीचा कशाला विचारू?"

"नंबर नाय. साल हाय. ब्यान्नव."

"कॉम्प्युटरला त्याच्या पुढचं सगळं आहे बघा. मोबाइलवर बघा, घरबसल्या. ब्याण्णवचं रजिस्टर काढावं लागेल. नाव?"

"सगुणा सावळीराम ठोंबरे," ती ठासून म्हणाली. नवऱ्यावरचा दावा, तो काय माहेरच्या नावानं घातला असेल? तिला तेच नाव हवं होतं, म्हणून तेच असणार याची तिला खात्री होती.

सहा दिवसांत साहेबांनी ब्याण्णव बघितलं, एक्याण्णव बघितलं, त्र्याण्णवही बघितलं. शेवटी रजिस्टर मिटून म्हणाले, "सगुणा नाही." पहिल्यांदाच 'नाही' म्हणाले.

घरी तिचा भाऊ बहिरू बैलांना पेंड घालत होता. दाव्याच्या तारखांना आबांबरोबर तोच जायचा.

"सगुणा कसं सापडंल?" तो म्हणाला. "आबांनी वकिलाला काय सांगितलं, इसरली व्हय? वकील म्हनला, सासरचं नाव घालू. आबा उठले, टोपी झटकली, न् म्हनले, त्यांनी ठेवलेलं नाव त्यांच्या उंबऱ्यावर टाकून आलोय. माझ्या पोरीचं नाव लंका. लंका झिपरू आहेर. घालायचं तर ह्ये घाला, नायतर दुसरा वकील बघतो."

"मंग तू काय म्हनलास?"

"मी काय म्हननार! मला तर लय भारी वाटलं."

तिलाही भारी वाटलं होतं. आता आठवलं. बाप कोर्टात आपल्या नावासाठी अडून बसला, म्हणून बावीस वर्षांची ती सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती.

सातव्या दिवशी तिनं लंका म्हणून सांगितलं. दाव्याचा नंबर दहा मिनिटांत निघाला. कोर्टाबाहेर छत्रीखाली लॅपटॉप मांडून बसणाऱ्या मीनाताईकडून नकलेचा अर्ज लिहून घेतला, कोर्टफीचं तिकीट चिकटवलं, आणि बाराव्या दिवशी साहेबांनी दोन पानं हातात दिली.

"बाकीचं?"

"बाकीचं मुदत संपल्यावर नष्ट करतात, मावशी. जबाब, अर्ज, पत्रं, सगळं. निकाल ठेवतात. नशीब समजा."

मीनाताईनं ती पानं वाचून दाखवली. बातम्या देतात त्या सुरात वाचायची ती. "अर्जदार लंका हिचे सामनेवाल्याशी विधिवत लग्न झाल्याचे शाबीत होते. अर्जदाराचे सासरचे नाव," आणि मीनाताई थांबली.

"वाच की. सगुणा म्हन."

"सासरचे नाव सामनेवाल्याच्या जबाबात, निशाणी बारा, नमूद आहे. एवढंच आहे, अक्का."

"म्हंजी?"

"म्हणजे जज्जसाहेबांना परत लिहायचा कंटाळा आला. सावळीरामनं जबाबात सांगितलं असणार, मी हिचं नाव सगुणा ठेवलं. तो दाव्यातला बाराव्या नंबरचा कागद, म्हणून निशाणी बारा."

"मंग बारा काढा."

मीनाताईनं लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. निशाणी बारा नष्ट झालेल्यांत होती.

चौदाव्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यापुढं सुनावणी झाली. बाकावर एका टोकाला लंकाबाई, दुसऱ्या टोकाला सिंधू, मध्ये सिंधूचा भाचा दोन्ही गुडघे पसरून. अधिकारी तरुण होता, भाषा भलतीच गोड.

"आता बघा आई, कागद एक नंबर आहे. कोर्टाचा आहे, आम्ही मान्य करतो. पण हा कागद म्हणतो, लंका ही बायको. माझ्यापुढं प्रश्न सगुणाचा आहे. लंकानं सगुणावर हरकत घेतली, तर लंकाचा आणि सगुणाचा संबंध काय? ते कुठं लिहिलंय?"

"मीच सगुणा."

"ते तर या आईपण म्हणतात. यांच्याकडं सोळा कागद आहेत."

लंकाबाई उठली आणि सरळ सिंधूपुढं जाऊन उभी राहिली. "तुझ्या बापानं तुझं नाव काय ठेवलं व्हतं?"

भाचा म्हणाला, "साहेब, दमदाटी चाललीये."

"मी तिला इचारते, तुला नाय. सांग गं. तांदळात लिहायच्या आधी तुला घरी काय म्हनत व्हते?"

सिंधूनं पदर तोंडावर घेतला. पदराआडूनच ती म्हणाली, "मला सगुणाच म्हणतात. तीस वर्सं झाली."

तेही खोटं नव्हतं. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं.

निकाल आठ दिवसांनी आला. हरकत फेटाळली, सगुणाबाई सावळीराम ठोंबरे, विधवा, हिचं नाव लागलं. चावडीतल्या कोतवालानं कागद देताना दात काढले. "नाव तर तुमचंच लागलंय की, आक्का! रडता कशाला?"

"रडत नाय," ती म्हणाली. खरंच रडत नव्हती.

बाहेर सिंधू उभी होती, भाच्याला पुढं पाठवून. "आक्का, मला इचारलं व्हतं का कुनी? अंगठी घेतली न् लिहिलं."

"त्या दिवशी मी इचारलं ना तुला! तवा दातखीळ बसली."

"कुठं जाऊ मंग म्या? मूल मला तरी कुठं झालं?"

लंकाबाईला ते खरं वाटलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती तशीच रस्त्याला लागली. वरच्या कोर्टात निशाणी बाराची दुसरी प्रत असेल, म्हणून ती महिनाभर जिल्ह्याला हेलपाटे घालत राहिली. सावळीरामनं अपील केलंच नव्हतं, त्यामुळे फाइल वर गेलीच नव्हती. पुढं न भांडता तो हरला होता, आणि तेच आता त्याच्या कामी आलं.

साठ दिवसांची मुदत संपायला चार दिवस असताना ती मीनाताईच्या छत्रीखाली बसली. प्रांताकडं अपील करायचं होतं.

"अपीलदाराचं नाव काय घालू?" मीनाताईनं विचारलं. "लंका उर्फ सगुणा घालू का?"

"घाल."

"उर्फ घातलं की पहिला प्रश्न, पुरावा कुठाय. नुसतं लंका घातलं तर म्हणतील, तुमचा संबंध काय. नुसतं सगुणा घातलं तर आधारकार्ड मागतील. तुमचं आधार लंकाचं. कसंही घाला, अक्का, फेटाळणार. मी सरळ सांगते. दीड एकरासाठी कितीदा येणार?"

"दीड एकर मला पायजेच. फुकट नाय सोडनार."

"मग नाव?"

लंकाबाईनं पिशवीतून नक्कल काढून मांडीवर सरळ केली. घडीवर ती फाटायला आली होती.

"लंका झिपरू आहेर," ती म्हणाली. "फेटाळायचं तर मला फेटाळा म्हनावं. त्या सगुणाला कशाला?"

मीनाताईनं टाइप केलं.